मागणीआधीची पाच मिनिटं

संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत पहिलं वाक्य बहुधा आभाराचं असतं आणि दुसऱ्यापासून यादी सुरू होते. थोरल्याची नोकरी, धाकटीची दहावी, आजीचे गुडघे, गावाकडच्या जमिनीचा दावा, दुबईतल्या भावाचा व्हिसा. यात वावगं काहीच नाही. रोजची भाकर मागायला येशूनेच शिकवलं, आणि लेकरांनी बापाकडे मागायचं नाही तर कोणाकडे? पण पुष्कळ भाविक घरांत वर्षांमागून वर्षं जातात आणि ज्याच्याशी आपण रोज बोलतो तो स्वभावाने कसा आहे, त्याचं काय आपल्याला भावलं, हे त्याला एकदाही सांगायचं होत नाही. हा लेख त्या राहून गेलेल्या बोलण्याविषयी आहे.

उपकारस्तुती आपण करतो. देवाने जे केलं, जे दिलं, त्याबद्दल ती असते. देव जो आहे त्याबद्दल त्याची स्तुती करणं हे तिच्या शेजारचं, पण थोडं वेगळं काम आहे. ताप उतरला म्हणजे आभार सुचतात. ताप न उतरलेल्या रात्री आभाराचं कारण सापडत नाही, पण देव दयाळू आहे ही गोष्ट त्या रात्रीही तशीच असते. ज्याला फक्त आभाराची सवय आहे त्याची प्रार्थना अशा रात्री अडते. ज्याला देवाच्या स्वभावाची ओळख आहे त्याला निदान कोणाशी बोलायचं एवढं तरी ठाऊक असतं.

इथे एक प्रामाणिक प्रश्न येतो, आणि तरुण मुलं तो विचारतात तेव्हा त्यांना गप्प करू नये. देवाला आपल्या कौतुकाची गरज काय? स्तोत्र ५० मध्ये देव स्वतःच सांगतो की मला भूक लागली तरी मी तुम्हांला सांगायला येणार नाही, सगळं जग माझंच आहे. म्हणजे गरज त्याची नाही. इंग्रजी साहित्याचे अभ्यासक सी. एस. लुईस यांना विश्वासाकडे वळताना हीच अडचण आली होती. सतत स्तुती मागणारा देव त्यांना खटकत असे. स्तोत्रांवर त्यांनी १९५८ साली पुस्तक लिहिलं, त्यात या प्रश्नाला एक संपूर्ण प्रकरण दिलं. त्यांच्या ध्यानात आलं ते असं की माणसाला ज्यात आनंद वाटतो त्याची वाखाणणी तो आपोआप करतो, आणि ती केल्याशिवाय तो आनंद पुरा होत नाही. रंगलेल्या मैफलीत समेवर ‘वाहवा’ निघून जाते. ती दाबून धरली तर गाणाऱ्याचं काही जात नाही, ऐकणाऱ्याचंच काहीतरी अर्धवट राहतं. देवाची स्तुती करा असं शास्त्र सांगतं तेव्हा ते आपल्याला त्या आनंदाकडे बोलावत असतं.

पण वाहवा निघायला आधी गाणं ऐकावं लागतं. आपली स्तुती दोन वाक्यांत आटपते, कारण देवाच्या स्वभावाविषयी आपल्याजवळ ठोस असं फार थोडं असतं. ‘तू महान आहेस, तू पवित्र आहेस’ एवढं म्हणून झालं की शब्द संपतात. म्हणून सुरुवात शब्द शोधण्यापासून करू नका, ऐकण्यापासून करा. ऐकण्यासाठी सगळ्या पवित्र शास्त्रात एक जागा अशी आहे की जिथे देव स्वतःच्या तोंडाने स्वतःचा स्वभाव सांगतो. निर्गमाचा चौतिसावा अध्याय.

तो प्रसंग कोणत्या वेळचा आहे हे विसरू नका. लोकांनी सोन्याचं वासरू करून त्याच्यापुढे नाचून झालं आहे. दगडी पाट्या फुटल्या आहेत. देव या लोकांबरोबर पुढे येणार की नाही हेच अजून नक्की नाही. अशा वेळी मोशे देवाला म्हणतो, मला तुझं वैभव दाखव. देव त्याला खडकाच्या कपारीत उभं करतो आणि त्याच्यासमोरून जाताना आपलं नाव घोषित करतो. मोशेने वैभव पाहायला मागितलं होतं. त्याला ऐकायला मिळतो तो देवाचा स्वभाव. देव दयाळू आहे, कृपाळू आहे, मंदक्रोध आहे, ममता आणि सत्य त्याच्याजवळ भरभरून आहे, हजारो पिढ्यांपर्यंत तो माया टिकवतो, अपराधाची क्षमा करतो. आणि तरी दोषी माणसाला तो निर्दोष म्हणून सोडून देत नाही. आपल्या बळाचा, समुद्र दुभंगल्याचा, फारोला बुडवल्याचा त्यात उल्लेखही नाही.

यानंतर मोशे काय करतो ते पाहा. तो लगेच जमिनीपर्यंत लवून नमन करतो. मग मागतो. आणि जे मागतो ते नुकत्याच ऐकलेल्या स्वभावातूनच निघालेलं असतं: आम्ही हट्टी लोक आहोत, तरी आमच्याबरोबर चल, आमची क्षमा कर. आधी ऐकणं, मग नमणं, मग मागणं. पुढे हेरांनी आणलेल्या वाईट बातमीने लोक बिथरतात आणि मिसरात परत जायची भाषा करतात, तेव्हा मोशे मध्यस्थी करताना डोंगरावर ऐकलेलेच गुण देवापुढे ठेवतो. गणना, अध्याय १४. तू असा आहेस म्हणून या लोकांना क्षमा कर, एवढाच त्याचा युक्तिवाद. ज्याने स्तुती नीट केली आहे त्याला विनंती कशाच्या आधारावर करायची हे वेगळं शिकवावं लागत नाही.

हे शब्द त्यानंतर शास्त्रात जागोजागी भेटतात. स्तोत्र ८६, १०३ आणि १४५ मध्ये, नहेम्याच्या नवव्या अध्यायातल्या लांब प्रार्थनेत, टोळधाडीच्या वर्षी योएलाने केलेल्या आवाहनात. इस्राएलाच्या पिढ्या संकटात, गाण्यात, पश्चात्तापात याच ओळीकडे परत आल्या. आपण नवीन काही शोधायची गरज नाही. तीच ओळ आपणही हातात घ्यावी.

ती कशी घ्यायची? एका आठवड्याला एकच गुण घ्या. सगळे गुण एका दमात म्हटले की ते यादीसारखे तोंडावरून निघून जातात. समजा या आठवड्यात ‘मंदक्रोध’ घेतला. शास्त्रात देवाने राग आवरला अशी एखादी जागा काढा आणि ती सावकाश वाचा. मग डोळे मिटून त्या प्रसंगाविषयी थेट देवाशी बोला. देवाविषयी बोलू नका, देवाशी बोला. ‘देव सहनशील आहे’ हे वाक्य प्रवचनातलं झालं. ‘लोक वासराभोवती नाचत होते तेव्हाही तू त्यांना टाकलं नाहीस, तुझा हा धीर मला फार आवडतो’ ही प्रार्थना झाली. ‘आवडतो’ हा शब्द देवापुढे वापरायला संकोच वाटला तरी वापरा. सगळ्यांत मोठी आज्ञा देवावर प्रेम करण्याची आहे, आणि प्रेम करणारा माणूस काय आवडतं ते बोलून दाखवतो.

ख्रिस्ती माणसाला यात मोठी सोय आहे. देवाचा स्वभाव आपल्याला शुभवर्तमानांत चालताबोलता पाहायला मिळतो. ज्याने मला पाहिलं त्याने पित्याला पाहिलं, असं येशूने फिलिप्पाला सांगितलं. म्हणून प्रत्येक गुणाला शुभवर्तमानातला एक प्रसंग जोडा. दयेसाठी मार्काच्या पहिल्या अध्यायातला कुष्ठरोगी घ्या. येशू आधी हात पुढे करून त्याला स्पर्श करतो, बरं होण्याचा शब्द त्यानंतर येतो. ज्याला कित्येक दिवसांत कोणी शिवलं नसेल त्याला तो रोग अंगावर असतानाच शिवला. कृपेसाठी जक्कय घ्या. त्याने पैसे परत करायचं कबूल करण्याआधीच येशूने त्याच्या घरी उतरायचं ठरवलं होतं. पवित्रतेसाठी लूकाचा पाचवा अध्याय, जिथे जाळी माशांनी भरल्यावर पेत्राला आनंदाआधी स्वतःच्या पापाची जाणीव होते. आणि मंदक्रोधासाठी योहानाचा शेवटचा अध्याय. काठावर कोळशांचा विस्तव आहे, न्याहारी तयार आहे. असाच कोळशांचा विस्तव त्या रात्री प्रमुख याजकाच्या अंगणात होता, जिथे पेत्राने तीनदा नाकारलं. येशू तीनदा विचारतो, पण त्या रात्रीचा शब्दसुद्धा काढत नाही. या एका प्रसंगावर एक आठवडा पुरणार नाही.

बोलायचं ते आपल्या भाषेत. उपदेशकांच्या किंवा अनुवादलेल्या पुस्तकांच्या भाषेत देवाशी बोलण्याची सवय मंडळीत पटकन लागते. मग नागपूरच्या माणसाची प्रार्थना आणि वसईच्या माणसाची प्रार्थना एकाच साच्यातली होते. घरी तुम्ही वऱ्हाडी बोलत असाल तर वऱ्हाडीत स्तुती करा, सामवेदीत बोलत असाल तर सामवेदीत. आपल्या भाषेत देवाचे गुण गाण्याची वाट फार जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आले, मराठी शिकले, आणि त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून झालं. आपल्या ग्रंथांची रीत आधी नमनाची, म्हणून त्यांनीही कथा सुरू करण्यापूर्वी विश्व भरून राहिलेल्या, सर्वसमर्थ, सत्य अशा देवबापाला ओव्यांमधून नमन केलं. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी नारायण वामन टिळक आले. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांनी अभंग आणि भजनाच्या चालीवर ख्रिस्ताची स्तुती रचली, आणि त्यांची गीतं आजही ‘उपासना संगीता’तून आपल्या मंडळ्या गातात. ज्या दिवशी स्वतःचे शब्द फुटत नाहीत त्या दिवशी उपासना संगीत उघडून एक गीत न गाता नुसतं वाचा, हळू, देवाला उद्देशून. पाठ झालेल्या चालीत जे शब्द कित्येक वर्षं ऐकूच आले नव्हते ते तेव्हा ऐकू येतात.

लिहिण्याचाही उपयोग होतो. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२४ साली ला व्हेर्ना डोंगरावरच्या उपवासाच्या काळात चर्मपत्राच्या एका तुकड्यावर स्वतःच्या हाताने देवाची स्तुती लिहिली आणि ती ब्रदर लिओला दिली. ते चर्मपत्र आजही असिसीत जपलेलं आहे. त्यात ‘तू अमुक आहेस’ अशी छोटी छोटी वाक्यं एकामागून एक येतात: तू प्रीती, तू ज्ञान, तू नम्रता, तू धीर, तू सौंदर्य. मागणी एकही नाही. फ्रान्सिसची प्रकृती त्या दिवसांत ढासळलेली होती, डोळे अधू होत चालले होते. मागण्यासारखं त्याच्याकडे पुष्कळ होतं. तुम्हीही एक कोरा कागद घ्या आणि ‘तू’ने सुरू होणारी वाक्यं लिहा. पहिली चार-पाच वाक्यं पाठ असलेलीच येतील. येऊ द्या. त्याच्यापुढचं वाक्य तुमचं स्वतःचं असतं, आणि ते यायला वेळ लागतो.

आता जे सांगायचं आहे ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. देवाचे गुण अचूक सांगता येणं म्हणजे स्तुती झाली असं नाही. याला साक्ष योना. निनवे वाचली आणि योना चिडला. चिडून त्याने देवापुढे जे म्हटलं ते निर्गमातलेच शब्द आहेत: तू कृपाळू, दयाळू, मंदक्रोध आहेस हे मला ठाऊकच होतं. यादी बरोबर आहे, पण ती तक्रार आहे. देव असा आहे याचं योनाला वाईट वाटतं, कारण या वेळी ती दया त्याच्या शत्रूंच्या वाट्याला आली. म्हणून एखादा गुण घेऊन बसाल तेव्हा स्वतःला एक प्रश्न विचारा: हा गुण मला न आवडणाऱ्या माणसाच्या बाबतीतही देवाजवळ असावा असं मला वाटतं का? ज्या भावकीशी बोलणं बंद आहे तिच्याशीही देव मंदक्रोधाने वागतो, याचा मला आनंद आहे का? नसेल तर तसं त्याला सांगा. ‘तू असा आहेस हे मला आज सोसत नाही’ हे सांगून त्याच्यासमोर बसून राहणं ही स्तुतीची सुरुवात होऊ शकते. देवाने योनाला हाकललं नाही, त्याच्याशी बोलत राहिला.

त्याच निनवेविषयी पुढे नहूम बोलतो, आणि तोही निर्गमाचीच ओळ उचलतो. पण तो तिचा दुसरा भाग पुढे आणतो: परमेश्वर मंदक्रोध आहे, तरी दोषी माणसाला तो मोकळा सोडत नाही. हा भाग आपण आपल्या प्रार्थनेतून गाळतो. प्रीती, दया, क्षमा यांवर बोलणं सोपं जातं. न्यायापाशी आपण घुटमळतो, जणू ती देवाची जरा अडचणीची बाजू आहे. शास्त्रातल्या स्तुतीत न्यायाला अशी मागची जागा नाही. देव न्याय करायला येतो म्हणून नद्या टाळ्या वाजवतात आणि डोंगर आनंद करतात असं स्तोत्र ९८ म्हणतं. स्तोत्र १४६ मध्ये देवाची वाखाणणी कशासाठी आहे ते वाचा: गांजलेल्यांना न्याय, भुकेल्यांना अन्न, बंदिवानांची सुटका, परके, अनाथ आणि विधवा यांचा सांभाळ. मरियेने अलीशिबेच्या घरी जे गाणं म्हटलं त्यातही सिंहासनावरून खाली ओढलेले अधिपती आहेत आणि रिकाम्या हाताने परत पाठवलेले धनवान आहेत.

नगर-जालना भागातल्या कितीतरी मंडळ्यांमध्ये आजोबा-पणजोबांनी गावकुसाबाहेरचं जिणं काढलं. त्यांना देव न्यायी आहे हे ऐकून धाक वाटण्याऐवजी पाठीचा कणा ताठ झाला असणार. ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याच्या तोंडी ‘तू न्यायी आहेस’ हे जगातलं फार गोड वाक्य असतं. ज्याच्या हातून तो घडला आहे त्याच्या तोंडी ते जड जातं. तुम्हांला ते कसं लागतं यावरून तुमच्याविषयीही काही कळेल. म्हणून वर्षात एखादा आठवडा तरी या गुणासाठी राखून ठेवा.

स्तुतीला खुशामतीचं रूप येऊ देऊ नका. आधी गोड बोललं की पुढचं काम होतं, हा हिशेब देवापुढे चालत नाही. ईयोबाच्या पुस्तकात सैतानाचा पहिला टोमणा हाच आहे की ईयोब काय फुकट देवाचं भय धरतो? अधूनमधून एखादा दिवस असा ठेवा की त्या दिवशी प्रार्थनेत स्वतःसाठी काहीच मागायचं नाही. आणि ‘हालेलुया’, ‘प्रभूची स्तुती असो’ हे शब्द नुसते पोकळी भरण्यासाठी येत असतील तर त्या जागी दोन क्षण गप्प राहा. शब्दांच्या भरताडाने देव ऐकतो असं समजू नका, हे येशूने प्रभूची प्रार्थना शिकवण्याच्या आधीच सांगून ठेवलं आहे.

मन कोरडं असेल त्या दिवसांसाठी स्तोत्र १०३ आहे. त्याची सुरुवात देवाशी बोलण्याने होत नाही. दाविद स्वतःच्या जिवाला हाक मारतो, त्याला उठवतो, विसरू नकोस म्हणून बजावतो. मनाला समजावून सांगण्याची ही रीत समर्थांचे मनाचे श्लोक ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला परकी वाटू नये. स्तोत्र पुढे जसजसं सरकतं तसतसं वर्तुळ मोठं होत जातं: आपला जीव, मग सगळं इस्राएल, मग लेकरांवर माया करणारा बाप, मग आपण माती आहोत हे ध्यानात ठेवणारा देव, मग देवदूत, मग सारी सृष्टी, आणि शेवटी स्वारी पुन्हा स्वतःच्या जिवापाशी येते. भावना येईपर्यंत थांबू नका. हे स्तोत्र मोठ्याने वाचा आणि जिथे मन अडेल तिथे थांबा. त्या दिवसाची प्रार्थना तेवढीच झाली तरी चालेल.

दुःखाची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे आपल्या मंडळ्या कधीकधी घाई करतात. घरात मृत्यू झाला आहे, आई सुन्न बसली आहे, आणि कोणीतरी तिला म्हणतं, ‘ताई, सर्व परिस्थितीत स्तुती करा.’ असं करू नये. स्तोत्रसंहितेत स्तुती आहे तसा आक्रोशही आहे. स्तोत्र १३ ‘कुठवर?’ या प्रश्नाने सुरू होतं आणि सहा ओव्यांत गाण्यापर्यंत पोहोचतं. स्तोत्र ८८ मात्र अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. दोन्ही स्तोत्रं देवालाच उद्देशून आहेत. रडणारा माणूस देवाला ‘तू कुठे आहेस’ असं विचारतो तेव्हा तो देवाच्या स्वभावालाच हाक मारत असतो. तू दयाळू नसतास तर मी तुला विचारलंच नसतं, हे त्या प्रश्नाच्या पोटात असतं. शेजारी बसणाऱ्याने तिच्या वतीने मनातल्या मनात स्तुती करावी. तिला ती म्हणायला लावू नये.

हबक्कूकाच्या शेवटच्या अध्यायातलं स्तवन पुष्कळ ठिकाणी भिंतीवर लावलेलं दिसतं. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात धान्य नाही, मेंढवाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ही काव्यातली अतिशयोक्ती वाटत नाही. पावसाने दगा दिलेल्या वर्षाचा तो ताळेबंद आहे. पण भिंतीवर लावताना त्याच्या आधीची पानं सुटतात. हबक्कूक इथे पोहोचण्यापूर्वी देवाशी भांडला आहे, तू अन्याय नुसता बघत का राहतोस असं त्याने तोंडावर विचारलं आहे, बुरुजावर उभा राहून उत्तराची वाट पाहिली आहे. कोणाला ते स्तवन द्यायचं असेल तर पूर्ण पुस्तक द्या. तीनच अध्याय आहेत.

आता मागणीकडे येऊ, कारण ती यायलाच हवी. प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायात पेत्र आणि योहान यांना धमकावून सोडून दिलं जातं. ते येऊन सगळं सांगतात आणि सारे मिळून प्रार्थना करतात. त्या प्रार्थनेचा पहिला भाग आकाश, पृथ्वी, समुद्र निर्माण करणाऱ्या स्वामीविषयी आहे, आणि राजे व राष्ट्रं कितीही खवळली तरी त्याचा संकल्प ढळत नाही याविषयी. धमक्यांकडे पाहा एवढं म्हणून ते मागतात ते धैर्याने बोलण्याचं बळ आणि देवाचा बरं करणारा हात. धमक्या थांबव, असं ते म्हणत नाहीत. आधी देवाचा थोरपणा बोलून झाला होता, त्यामुळे मागणी बदललेली होती. आपल्याही बाबतीत हे होतं. पाच मिनिटं देवाच्या स्वभावावर मन स्थिर केल्यावर यादीतल्या काही गोष्टी आपोआप मागे पडतात, आणि कधी मागायचं सुचलंच नव्हतं असं काही पुढे येतं.

सार्वजनिक प्रार्थना चालवणाऱ्यांसाठी एक जुनी बांधणी फार उपयोगी आहे. कॅथलिक मिस्सेतल्या सुरुवातीच्या प्रार्थनेत ती आहे, आणि थॉमस क्रॅनमर यांनी १५४९ साली सिद्ध केलेल्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकामुळे ती अँग्लिकन मंडळ्यांतही रुळली. आधी देवाला हाक, मग त्याचा एक गुण किंवा कृती, मग त्या गुणाशी जुळणारी एकच विनंती, मग ती कशासाठी, आणि शेवट ख्रिस्ताच्या नावाने. पाच-सहा ओळींत सारं काम होतं. उदाहरणार्थ हागार घ्या. सारेच्या जाचाला कंटाळून रानात पळालेली ती मिसरी दासी, आणि तिने देवाला ‘मला पाहणारा देव’ असं नाव दिलं. पवित्र शास्त्रात देवाला नाव देणारी ती पहिली व्यक्ती आहे. तिच्यावरून अशी प्रार्थना करता येईल: ‘हे देवा, मालकिणीच्या घरून पळालेल्या हागारेला रानातल्या झऱ्यापाशी तू पाहिलंस, तिची विचारपूस केलीस. आज आमच्या शहरात परक्या घरांत भांडी घासणाऱ्या, आणि कोणाच्याच नजरेत नसलेल्या बायांकडे पाहा. आम्हांलाही त्यांच्याकडे पाहायला शिकव, म्हणजे तुझी दृष्टी आमच्यामधून त्यांच्यापर्यंत पोहोचेल. येशूच्या नावाने.’ पाळकांनी रविवारच्या प्रवचनातल्या गुणावरून अशी एक प्रार्थना आदल्या दिवशी लिहून ठेवली तर उपासनेचा प्रारंभ किती वेगळा होईल.

जागेचा आणि वेळेचा बाऊ करू नका. विरार लोकलच्या गर्दीत स्तोत्र १३९ मनातल्या मनात म्हणता येतं. उठणं, बसणं, वाट चालणं सगळं जाणणाऱ्या देवाशी बोलायला लोकलसारखी जागा नाही. पाऊस सुरू झाला की स्तोत्र १०४ काढा. डोंगरांवर वरून पाणी शिंपणारा, गुरांसाठी गवत आणि माणसांसाठी भाकर उगवणारा देव त्यात आहे. मात्र सृष्टीचं कौतुक करून तिथेच थांबू नका. यातून त्याचा कोणता गुण दिसतो, एवढा आणखी एक प्रश्न विचारा. इतक्या निरनिराळ्या जिवांना रोज खाऊ घालणारा हात उदार आहे, हे एकदा त्याला सांगा.

आणि घरात लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी स्तोत्र १४५ ची युक्ती आहे. मूळ हिब्रूत हे स्तोत्र वर्णमालेच्या क्रमाने रचलेलं आहे, एकेका अक्षराने एकेक ओळ, आणि यहुदी लोक ते रोजच्या प्रार्थनेत तीनदा म्हणतात. आपल्या बाराखडीवरून हेच करता येतं. रोज रात्री एक अक्षर. क म्हणजे कृपाळू, क्ष म्हणजे क्षमाशील, द म्हणजे दयाळू, न म्हणजे न्यायी, प म्हणजे पवित्र, व म्हणजे विश्वासू. मुलाने नुसता शब्द सांगून भागत नाही. देव तसा वागला असा एक प्रसंग त्याने सांगायचा, शास्त्रातला किंवा त्या दिवसातला. शाळेत रडणाऱ्या मैत्रिणीजवळ कोणीतरी जाऊन बसलं, एवढंही चालेल. मोठ्यांनी दुरुस्त्या न करता ऐकायचं, मग त्याच गुणाबद्दल सगळ्यांनी एकेक वाक्य देवाला सांगायचं, आणि त्यानंतर आजीच्या गुडघ्यांसाठी मागायचं. ण आणि ळ ही अक्षरं आली की मुलं अडतील. ती खुशाल सोडून द्या; स्तोत्र १४५ च्या पारंपरिक हिब्रू पाठातही एका अक्षराची ओळ नाही.